घरातली यंत्रे : माळ्यावरून उतरलेला कॉम्प्युटर

दिवाळीच्या आधीचा पंधरवडा हा माळे रिकामे करण्याचा. तुटका स्टोव्ह, पाहुण्यांच्या गाद्या, कोणे एके काळी हौसेने घेतलेली इडलीपात्रे आणि मुलांची जुनी पाठ्यपुस्तके यांच्या मागून, चादरीत गुंडाळलेले एक पिवळट धूड हल्ली पुष्कळ घरांतून निघते. ते खाली उतरवायला दोन माणसे लागतात आणि तिसरे ‘जपून, जपून’ म्हणायला लागते. घरातल्या तरुण मंडळींचे मत तयारच असते : भंगारात द्या. भंगारवाला वजनावर घेतो आणि जिना उतरतो. वडीलधारी माणसे तेवढी गप्प असतात. त्या पेटीत आपले काहीतरी राहिले आहे असे त्यांना अंधुक आठवत असते, पण काय ते नक्की सांगता येत नाही.

या सुमारास सदराकडे येणाऱ्या पत्रांत चारदोन पत्रे तरी या धुडाविषयी असतात. मजकूर थोड्याफार फरकाने एकच. बटण दाबले, पंखा फिरला, काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी ओळी उमटल्या आणि गाडी तेथेच थांबली. कॉम्प्युटर मेला असे समजावे काय? माझे उत्तरही बहुधा एकच असते : मेला नसेल, विसरला असेल. आणि विसरलेल्याला आठवण करून देता येते.

ठाण्याच्या एका बाईंचे पत्र यंदा भाद्रपदात आले. निळ्या शाईत, समास सोडून लिहिलेले. त्यांच्या यजमानांनी निवृत्त झाल्यावर १९९४ साली एक ४८६ जातीचा कॉम्प्युटर घेतला होता, तो घराण्याचा कुलवृत्तांत लिहिण्यासाठी. गावोगाव पत्रे पाठवून, लग्नामुंजीत माणसांना गाठून त्यांनी नोंदी जमवल्या. वर्षभर काम जोरात चालले. मग १९९५ च्या पावसाळ्यात यंत्र एकाएकी ‘मेमरी पुरत नाही’ असे म्हणू लागले. दुकानदाराच्या सांगण्यावरून पेन्शनच्या पैशांतून मेमरी वाढवली, चाराची आठ मेगाबाइट केली. निरोप तोच. दुसऱ्या दुकानदाराने नवे यंत्र घ्या म्हणून सांगितले. यजमानांनी ते मनावर घेतले नाही, कुलवृत्तांतही पुढे सरकला नाही. आता ते नाहीत. ‘नातू म्हणतो आहे, टाकून देऊ. तुम्ही म्हणत असाल तर टाकते,’ एवढे लिहून खाली सही.

ठाणे काही लांब नाही. मी गेलो.

यंत्र टेबलावर मांडून ठेवले होते आणि इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेले चिरंजीव वायर लावायच्या बेतात होते. त्यांना थांबवले. वर्षानुवर्षे पडून असलेले यंत्र विजेला जोडण्याआधी उघडून पाहावे, हा पहिला नियम. मागचे स्क्रू काढले की झाकण सुटते. (पडद्याची पेटी मात्र उघडू नये. काचेच्या नळीत वीज बंद केल्यावरही उच्च दाबाचा साठा राहतो. ते काम जाणत्याचे.) आत मोठ्या हिरव्या पाटीवर एक निळे पिंप डकवलेले दिसते, करंगळीच्या पेराएवढे. ती बॅटरी. निकेल आणि कॅडमियमची, ३.६ व्होल्टची. यंत्र बंद असतानाही त्यातले घड्याळ चालू राहावे आणि यंत्राला स्वतःची ओळख विसरू नये, यासाठी ती असते. यंत्र चालू असले की ती भरते, बंद असले की थोडीथोडी रिकामी होते. पंचवीस-तीस वर्षे माळ्यावर पडली की रिकामी तर होतेच, पण फुटून पाझरूही लागते.

ठाण्याची पाझरली होती. भोवती हिरवट-पांढरी भुकटी जमली होती आणि कडेच्या दोनतीन तांब्याच्या रेघा काळवंडल्या होत्या. हा पाझर क्षाराचा असतो, ॲसिडचा नव्हे, हे ध्यानात ठेवावे. म्हणजे त्यावर उतारा आंबटाचा. काकूंनी लिंबू कापून दिले. कापसाच्या काडीने चार थेंब लावले, भुकटी फसफसली, ती पुसली; मग शुद्ध पाणी, मग स्पिरिट, मग दोन तास पंख्याखाली. बॅटरी कापून काढली. तिच्या जागी घड्याळातल्यासारखी लिथियमची चकती बसवण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो टाळावा. ती जागा बॅटरी भरणारी आहे, आणि लिथियमच्या साध्या चकतीत बाहेरून वीज भरणे धोक्याचे. बऱ्याच पाट्यांवर बाहेरची बॅटरी जोडण्यासाठी चार काड्यांची वेगळी जागा असते, तिचा उपयोग करावा. पण आपले काम एका दिवसाचे असेल तर बॅटरीवाचूनही भागते; आठवण करून द्यायची ती दर वेळी नव्याने द्यावी लागते, इतकेच.

संध्याकाळी बटण दाबले. एक छोटी शीळ वाजली, आणि मला बरे वाटले. सगळे ठीक असेल तर एकच आखूड शीळ. लागोपाठ तीन वाजल्या तर बहुतेक यंत्रांत मेमरीच्या सुरुवातीच्या भागात बिघाड समजावा. पट्ट्या काढून, त्यांच्या सोनेरी दातांवरून पेन्सिलीचे खोडरबर फिरवून परत बसवल्या की अनेकदा एवढ्यानेच भागते. मग पडद्यावर ओळी आल्या. बॅटरी क्षीण आहे. नोंदींचा ताळा जुळत नाही. आणि शेवटची ओळ, जी वाचून चिरंजीव म्हणाले, “संपलं, काका. हे बघा, सी ड्राइव्ह फेल्युअर. हार्ड डिस्क गेली.”

या एका ओळीपायी किती डिस्का भंगारात गेल्या असतील, देव जाणे. ती शब्दशः घ्यायची नसते. यंत्र जागे होते तेव्हा त्याला आपल्या अंगात काय काय आहे ते ठाऊक नसते. १९८४ साली आयबीएमने एटी नावाचे यंत्र काढले, तेव्हापासून ही माहिती एका चिमुकल्या चिपमध्ये, बॅटरीच्या आधारावर, लिहून ठेवायची पद्धत पडली. त्या मूळ चिपमध्ये जागा किती? ६४ बाइट, त्यातले १४ घड्याळाचे. उरलेल्या ५० अक्षरांच्या चिठोऱ्यावर यंत्राचा सगळा संसार : फ्लॉपी कोणत्या मापाची, मेमरी किती, डिस्क कशी. बॅटरी संपली की चिठोरे कोरे. यंत्र डिस्क शोधते, चिठोऱ्यात तिचा पत्ता सापडत नाही, आणि ते ‘डिस्क बिघडली’ असे जाहीर करून मोकळे होते. दाराची किल्ली हरवली म्हणून घर पडले असे सांगण्यातलाच प्रकार.

चिठोरे पुन्हा लिहायचे ते सेटअप नावाच्या पानावर. जागे होताना डिलीटची कळ दाबली की बहुतेक यंत्रांत ते उघडते. तारीख बरीच जुनी दिसेल, ती दुरुस्त करावी. डिस्कसाठी तीन संख्या लागतात : सिलिंडर किती, हेड किती, सेक्टर किती. डिस्कच्या पाठीवरच्या कागदावर बहुधा छापलेल्या असतात. ठाण्याच्या डिस्कवर ६८५, १६ आणि ३८ होते. गुणाकार करा, त्याला प्रत्येक सेक्टरच्या ५१२ बाइटनी गुणा : २१,३२,३७,७६०. म्हणजे घेताना पावतीवर लिहिलेले २१० मेगाबाइट बरोबर जमले. यादीत ४७ नंबरचा प्रकार असतो, तो आपल्या हाताने संख्या भरण्यासाठी. कागद पुसट झाला असेल तर काही सेटअपमध्ये यंत्राने डिस्कलाच विचारावे अशी सोय असते.

त्याच पानांच्या आसपास ‘हार्ड डिस्क युटिलिटी’ असे भारदस्त नाव दिसेल. तिकडे फिरकू नये. तिचे काम डिस्क धुऊन पुसून कोरी करण्याचे. कोणी कितीही आग्रह केला, तरी ‘फॉरमॅट’ या शब्दाला होकार द्यायचा नाही. आणि नाव लिहून बाहेर पडण्यापूर्वी संख्या दुसऱ्या माणसाकडून वाचवून घ्याव्या. ते काम काकूंनी केले, चष्मा पुसून, दोनदा.

यंत्र पुन्हा जागे झाले. डिस्कमधून घरघर आली, अगदी जात्यासारखी, आणि पडद्यावर ‘स्टार्टिंग एमएस-डॉस’ उमटले. काकू उठून उभ्या राहिल्या. “हे, हेच यायचं,” त्या म्हणाल्या.

डिरेक्टरीची यादी काढली. कुलवृत्तांताच्या फायली होत्या, नावे आणि तारखांसकट. शेवटची तारीख १९९५ च्या जुलैमधली, वेळ रात्रीची पावणेअकरा. चिरंजीवांनी प्रोग्रॅमचे नाव टाइप केले. उत्तर आले : प्रोग्रॅम टू बिग टु फिट इन मेमरी. कुलवृत्तांत ज्या ओळीवर थांबला होता, ती हीच.

आता यातली खरी गोम सांगतो. सेटअपच्या पानावर मेमरी दोन ओळींत दिली होती. बेस ६४०. एक्स्टेंडेड ७१६८. दोन्ही किलोबाइटमध्ये. बेरीज करा, ७८०८ येते. आठ मेगाबाइट म्हणजे ८१९२. मग ३८४ गेले कोठे?

ते १९८१ साली गेले. त्या वर्षी ऑगस्टात आयबीएमने आपला पहिला पीसी विकायला काढला. त्याच्या मेंदूला, इंटेलच्या ८०८८ या चिपला, पत्ता सांगायच्या तारा होत्या २०. वीस तारांवर १०,४८,५७६ पत्ते सांगता येतात, एकही जास्त नाही. म्हणजे एक मेगाबाइट. त्यातला वरचा ३८४ किलोबाइटचा पट्टा आयबीएमने पडद्याच्या कार्डासाठी आणि यंत्राच्या स्वतःच्या कायमच्या सूचनांसाठी राखून ठेवला. खालचे ६४० प्रोग्रॅमांना राहायला दिले. तेव्हाच्या यंत्रांत १६ किंवा ६४ किलोबाइट मेमरी असे, त्यामुळे ६४० म्हणजे ऐसपैस वाडा वाटला असेल. पुढे चिपा बदलल्या, तारा वाढल्या, ४८६ ला हजारो मेगाबाइटचे पत्ते सांगता येऊ लागले. पण डॉस आणि त्यावर लिहिलेले प्रोग्रॅम जुन्या घरातच राहिले, कारण जुने प्रोग्रॅम चाललेच पाहिजेत हा सगळ्यांचाच हट्ट होता.

वाड्याचीच कल्पना करा. ओटी आणि माजघर मिळून ६४०. माणसांनी वावरायचे ते येथेच. देवघर आणि कोठीची खोली ३८४. तेथे वस्ती नाही. भिंतीपलीकडे मालकाने मागचे सगळे परस विकत घेतले आहे, पण तिकडे दारच काढलेले नाही. माजघरात दाटी झाली म्हणून आणखी दोन बिघे परस विकत घेतले, तर माजघरात चटई अंथरायला जागा होईल काय? ठाण्याच्या गृहस्थांनी पेन्शनमधून परस विकत घेतले होते. दुकानदाराने विकले. दोघांचीही समजूत अशी की ‘मेमरी’ ही एकच वस्तू आहे. तशी समजूत त्या काळी हजारो घरांत होती, आणि तिच्यावर बऱ्याच दुकानांचे भाडे निघाले.

दार काढणारा गडी मात्र त्यांच्या यंत्रात आधीपासून होता. त्याचे नाव हायमेम.सिस. तो कामावर असला की डॉस आपले बिऱ्हाड परसात हलवते, भिंतीला लागून असलेल्या चौसष्ट किलोबाइटच्या पडवीत. माजघरात चाळीस-पंचेचाळीस किलोबाइट मोकळे होतात. ही सोय जून १९९१ मध्ये डॉसच्या पाचव्या आवृत्तीबरोबर आली. (पडवीची किल्ली कोठे असावी? कीबोर्डचा कारभार पाहणाऱ्या चिपच्या एका रिकाम्या काडीवर! आयबीएमला तेवढीच काडी मोकळी सापडली. म्हणून अशा यंत्रात कीबोर्डची चिप रुसली तर मेमरीची तक्रार येऊ शकते.)

मग गडी असून दार बंद का? त्याचे उत्तर कॉन्फिग.सिस नावाच्या फायलीत. जागे झाल्यावर डॉस सर्वांत आधी ही फाइल वाचते; कोणाला कामावर घ्यायचे ते हिच्यात ओळीओळीने लिहिलेले असते. त्यानंतर ऑटोएक्झेक.बॅट. शंका आली की पहिली युक्ती अशी : ‘स्टार्टिंग एमएस-डॉस’ दिसताक्षणी एफ-८ ची कळ दाबावी. डॉसची सहावी किंवा नंतरची आवृत्ती असेल, तर ती प्रत्येक ओळ वाचून दाखवते आणि हो की नाही विचारते. काहीही बदलत नाही, बिघडत नाही, नुसती चौकशी होते.

आम्ही चौकशी केली. हायमेमची ओळच नव्हती. तिच्याऐवजी सीडी ड्राइव्हची ओळ, साउंड कार्डाची ओळ. ऑटोएक्झेकमध्ये सीडीची आणखी एक, उंदराची एक. यादीत कॉन्फिग.ओल्ड नावाची एक फाइल पडली होती, ती उघडली. तीत हायमेम होता, आणि ‘डॉस=हाय’ ही ओळही होती. दोन्ही फायलींच्या तारखा पाहिल्या. नवी १९९५ च्या जुलैची.

“त्या जुलैत काय झालं होतं?” मी विचारले.

काकू थोडा वेळ बोलल्या नाहीत. “बाळने सीडी बसवून घेतली होती. गाणी ऐकायला, खेळ खेळायला. दुकानाचा माणूस आला होता घरी.” बाळ म्हणजे या चिरंजीवांचे वडील. माणसाने सीडी चालू करून दिली, आपली नवी फाइल घातली, जुनी बाजूला सारली आणि चहा घेऊन गेला. सगळे पाहुणे माजघरात उतरले. कोणाचा गुन्हा म्हणावा असे त्यात काही नव्हते. खेळ छान चालत होते. फक्त आजोबांच्या प्रोग्रॅमला पाचशेच्या वर किलोबाइट लागत, आणि माजघरात साडेचारशेच्या आसपास उरले होते.

हे मोजता येते. मेम अशी आज्ञा देऊन तिच्यापुढे तिरकी रेघ आणि सी लिहावे, म्हणजे माजघरात कोण किती जागा अडवून बसला आहे त्याची यादी मिळते. शेवटी एक ओळ असते, सर्वांत मोठ्या प्रोग्रॅमला मिळू शकणाऱ्या जागेची. पाहायची ती हीच ओळ. एकूण मेमरीचा आकडा कितीही मोठा असो, त्याच्याकडे ढुंकूनही बघू नये.

उपाय दोन. एक, पाहुण्यांना कोठीच्या खोलीतल्या रिकाम्या कोपऱ्यांत बसवायचे. त्यासाठी ईएमएम३८६ नावाचा दुसरा गडी असतो, आणि मेममेकर नावाचा मुकादम ही मांडामांड स्वतःच करून देतो. पण एखादे कार्ड त्याच कोपऱ्यात आधीच बसलेले असले, आणि गड्याला ते कळले नाही, तर यंत्र सुरू होतानाच थिजते; मग तो कोपरा वगळ असे त्याला आकड्यांत लिहून द्यावे लागते. दुसरा उपाय माझ्या आवडीचा : पाहुण्यांना निरोप द्यावा. आज त्या यंत्रावर सीडी कोणाला लावायची आहे? नको त्या ओळींच्या सुरुवातीला ‘आरईएम’ ही तीन अक्षरे लिहिली की डॉस त्या ओळी ओलांडून पुढे जाते. ओळ खोडावी लागत नाही, हवी तेव्हा परत आणता येते. अर्थात आधी दोन्ही फायलींची नक्कल फ्लॉपीवर काढून ठेवली. हायमेमची ओळ परत घातली, डॉस पडवीत पाठवले, सीडी, साउंड आणि उंदीर यांना रजा दिली. यंत्र पुन्हा सुरू केले. मेमने ५७० च्या वर आकडा दाखवला. सगळ्याला मिळून वीस मिनिटे लागली, खर्च शून्य.

प्रोग्रॅम उघडला. आतले मराठी जसेच्या तसे होते. त्या यंत्रात पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड बसवलेले होते. इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉसच्या प्रोग्रॅमांतही देवनागरी उमटवण्याची करामत त्या कार्डाची, आणि ते नसते तर पडद्यावर नुसती रांगोळी दिसली असती. चिरंजीव पिढ्या वाचत खाली खाली गेले. चुलत पणजोबा, त्यांचे भाऊ, कोणी बडोद्याला, कोणी इंदूरला, एक काकी माहेरच्या नावासकट, जी कोठेच कोणाला आठवत नव्हती. शेवटी म्हणाले, “आजी, यात माझं नावच नाही.”

“तुझ्या बाबाचं लग्न तरी कुठे झालं होतं तेव्हा!” काकू म्हणाल्या.

यंत्र चालू झाले की लोक हुरळून जातात आणि दुसऱ्या दिवशीवर टाकतात. तसे करू नये. तीस वर्षे झोपलेली डिस्क आज फिरली, उद्याची खात्री नाही. पहिल्याच बैठकीत नक्कल काढावी. साडेतीन इंची फ्लॉपीत १४,७४,५६० बाइट मावतात. जिस्टच्या मजकुरात एका अक्षरचिन्हाला एकच बाइट लागत असल्यामुळे पाचशे पानांचा कुलवृत्तांतसुद्धा एका फ्लॉपीत बसतो. आजच्या कॉम्प्युटरला यूएसबीने जोडायची फ्लॉपी ड्राइव्ह मिळते. फ्लॉप्यांना बुरशी लागली असेल तर डिस्क काढून, चाळीस काड्यांची असेल तर अडॅप्टर लावून, ती थेट नव्या यंत्राला जोडावी आणि तीवर काहीही न लिहिता नुसती वाचावी. त्याहून जुन्या, दोन पट्ट्यांच्या डिस्कांना हा अडॅप्टर चालत नाही. त्यांचे यंत्रच चालवावे लागते.

नव्या यंत्रावर फाइल उघडली की अगम्य चिन्हे दिसतील. घाबरू नये. जिस्टचा मजकूर इस्की नावाच्या भारतीय संकेतात असतो, आणि आजच्या युनिकोडमधली देवनागरीची मांडणी त्याच इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतलेली आहे. अक्षराला अक्षर लावून रूपांतर होते. ठाण्याचे चिरंजीव ते एका रात्रीत लिहून मोकळे झाले. ज्यांच्या घरी असे चिरंजीव नाहीत, त्यांनी शेजारचे शोधावे.

काम झाल्यावर यंत्र परत माळ्यावर जाणार असेल तर पिंपाची बॅटरी आत ठेवू नका. कापून काढलेली बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या, तिच्यात कॅडमियम आहे. आणि डिस्कच्या त्या तीन संख्या पेन्सिलीने जाड कागदावर लिहून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. पेनने लिहू नका, माळ्यावर ओल आली तर शाई पसरते.